मामांचं नाव पुढे निघून गेलं

देवेशला मी तो बारावीत असल्यापासून ओळखतो. हिशेबाच्या विषयात नापास झाला म्हणून त्याची आई चंद्रा त्याला माझ्याकडे घेऊन आली. मी भिवंडीत एका सुताच्या पेढीवर हिशेब बघतो. रविवारी मोकळा असतो. मुलगा हुशार होता, पण ताळेबंद जुळला नाही की चूक शोधायची सोडून सरळ नवा कागद घ्यायचा. ही खोड पुढे त्याच्या बँडमध्येही गेली.

कशेळीला त्यांची भातशेती होती, तिथं आता गोदामं आहेत. भाडं येतं, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नाही. म्हणून देवेशने गावातली पोरं जमवून बेंजो पार्टी काढली. एक बेंजो, दोन ढोल, ताशा, खुळखुळा. हळदीला ही पोरं अशी वाजवायची, की जेवत असलेला माणूस हात धुऊन नाचायला यायचा.

मग यंत्रं आली. आधी कीबोर्ड. मग ऑक्टोपॅड, म्हणजे रबरी चौकोन; काठी मारली की हवा तो आवाज निघतो. दोन हजार आठ साली लॅपटॉप आला आणि बेंजो माळ्यावर गेला. देवेशचा चुलतभाऊ भाविक उत्तम ढोल वाजवायचा. त्याच्या कानात आता वायर असते, वायरीतून टिकटिक ऐकू येते आणि तो त्या टिकटिकीवर काठ्या मारतो. एका रविवारी मी त्यांचा सराव ऐकायला गेलो. दुपारभर वायरी जोडणं चाललं होतं आणि 'चेक, चेक' चाललं होतं.

"अरे, वाजवणार कधी?" मी विचारलं.

देवेश म्हणाला, "काका, वाजवायचं काय? सगळं आत भरलंय. आपण फक्त चालू करायचं."

"मग तुम्ही चौघं स्टेजवर कशाला?"

"लोकांना बघायला कुणीतरी नको?"



तेवढ्यात देवेशच्या बहिणीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. आगरी घरातल्या हळदीला गाणारी बाई एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन हाक मारते. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि हळद लावायची. त्यांच्याकडे हा मान देवेशच्या आजीची बहीण पुतळाबाई, म्हणजे सगळ्यांची आक्का, हिचा. देवेशने आक्काला ठाण्याच्या स्टुडिओत नेलं, सगळी नावं क्रमाने गाऊन घेतली आणि खाली ठेका बसवला.

"आणि कुणी उशिरा आलं तर?" मी विचारलं.

"घरचेच आहेत सगळे. टेन्शन नका घेऊ, काका."

हळदीच्या संध्याकाळी आक्का नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत गप्प बसली होती आणि तिचा आवाज मांडवाच्या चारी बाजूंच्या स्पीकरमधून येत होता. आत्या उठली, काका उठले. मग आवाज म्हणाला, 'पडघ्याचे केसरीनाथ मामा, या हो मामा.' चंद्राचा हा एकुलता भाऊ. तो आलेलाच नव्हता. नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत त्याची गाडी अडकली होती. आवाज जेवढा थांबायला भरलेला होता तेवढा थांबला आणि पुढच्या मावशीकडे गेला.

थोड्या वेळाने मामा घामाघूम होऊन आले. "माजा नाव झाला?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"झाला."

मामांनी खुर्ची ओढली. "पुन्यांदा येल तवा उठीन."

आक्काने स्टेजकडे हात केले, हाका मारल्या. चौघांच्या कानात वायरी. डोळे मिटून माना डोलावत होते. शेवटी या वयात मी स्टेजवर चढलो आणि देवेशच्या कानातली वायर ओढून काढली.

"मामा आलेत. रुसलेत. नाव परत घे."

त्याने पडद्याकडे पाहिलं. "मधलंच नाही घेता येत, काका. ठेका तुटतो. पहिल्यापासून लावतो."

मी नको म्हणेपर्यंत लावलंसुद्धा. हळद लावून बसलेली आत्या गोंधळून पुन्हा उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला रंगाचा दुसरा हात मारताय काय रं? घर हाय का ता?" सगळे हसले. मामांना ते आपल्यालाच हसले असं वाटलं. "मला दुसऱ्या पंगतीला बसवता?" म्हणत ते चपला शोधू लागले.

चंद्रा मांडवाच्या मध्ये उभी राहिली. "माज्या भावाची हळद लागल्याबिगर पोरगी पाटावरून उठनार न्हाय." उन्नती कानापर्यंत पिवळी झालेली. रडत म्हणाली, "दादा, बंद कर ना ते."

देवेशने बंद केलं. मांडव एकदम ओकाबोका वाटायला लागला. तेव्हा आक्का उठली. माइक नाही, आवाज बसलेला. तिने मामांचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचं घेतलं, मग गाण्यातच म्हणाली, 'कंटेनराने अडवला माझ्या उन्नूचा मामा, कंटेनरावर कुणी घाला हळद.' बायकांनी ओळ उचलली. भाविकने कानातली वायर काढली, एक रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची उलटी केली आणि तिच्यावर ठेका धरला. मामा दाराशी एक चप्पल घालून उभे होते. त्यांना हसू आवरेना. चप्पल काढून आले आणि भाचीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

मला वाटलं, आता तरी बेंजो माळ्यावरून खाली येईल. पुढच्या रविवारी देवेश खुशीत माझ्याकडे आला.

"काका, चूक सापडली."

चूक शोधायचे कष्ट त्याने पहिल्यांदाच घेतले होते, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"मामांनी मुलाच्या हळदीला आपल्यालाच बोलावलंय. आता एकेक नातं वेगळ्या पॅडवर टाकतोय. आक्काचाच आवाज. मामा उशिरा आला, की मामाच्या पॅडवर काठी मारायची. ठेकाही तुटत नाही."

"आणि कंटेनर?"

"कंटेनर काय?"

"मामा कंटेनरांच्या रांगेत अडकला, ते कुठल्या पॅडवर आहे?"

तो खरंच विचारात पडला. मग मोबाइल काढून काहीतरी टिपून घेऊ लागला.

"एक पॅड मोकळा आहे," तो म्हणाला. "आक्काकडून तेपण भरून घेतो."