दोन क्लचची गाडी

माझी बदली सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेवर झाली, तेव्हा आमच्या घरी कार होती. पण ती कुठं जायच्या-यायच्या उपयोगाची असते, असं घरात कुणी मानत नव्हतं. माझा नवरा दर रविवारी तिला शाम्पूनं न्हाऊ घालायचा, मऊ फडक्यानं पुसायचा आणि अंगावर कव्हर घालून झोपवायचा. मी रोज परभणीहून बसनं निघायचे, देवगाव फाट्याला उतरायचे आणि तिथून पुढं मिळेल त्या टेम्पोत, बायांच्या गाठोड्यांमध्ये स्वतःचंही एक गाठोडं करून बसायचे. गाडी तेव्हा घरी सावलीत असायची.

शेवटी एकदा मी म्हणाले, "मला चालवायला शिकवा की."

नवऱ्यानं मोठ्या मनानं होकार दिला आणि मला कृषी विद्यापीठाकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. त्याची शिकवण्याची पद्धत साधी होती. गाडीला झटका बसला की तो "आई गं!" म्हणायचा. मी घाबरून विचारायचे, "लागलं का तुम्हाला?" तो म्हणायचा, "मला न्हाई, गिअरबॉक्सला." दुसऱ्या संध्याकाळी त्यानं खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मला समजावलं, "तुला जमणार न्हाई असं मी म्हणत न्हाई. पण ह्या गाडीवर नको."

म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

घरी कळल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शिकवणारा बाप्या हाय का बाई?"

"पुरुष आहेत, आई."

"मग मी येते संगं. एकटीनं परक्या बाप्याशेजारी बसून गावभर फिरणं बरं दिसत न्हाई."

मी चाळिशी ओलांडलेली, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई. रोज भरलेल्या बसमध्ये अनोळखी लोकांच्या बगलेखाली उभी राहून नोकरीला जात होते. तिथं घराण्याच्या अब्रूला धोका नव्हता, बहुतेक तिलाही शिरायला जागा मिळत नसावी. पण सासूबाईंशी वाद घालायची आमच्याकडं पद्धत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या सीटवर मधोमध बसू लागल्या. मांडीवर भाजीची पिशवी, कारण रिकाम्या हातानं कशाला यायचं.

शिकवणारे सर पन्नाशीचे, गोलमटोल आणि अत्यंत निवांत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "म्याडम, आपल्या गाडीला दोन क्लच, दोन ब्रेक हायेत. एक जोडी तुमच्याकडं, एक माझ्याकडं. तुमी फकस्त समोर बगा, बाकी फिकीर करू नका." आणि त्यांनी मोबाईल कानाला लावला.

सरांचा खरा धंदा प्लॉट विकायचा होता. ड्रायव्हिंग शिकवणं त्यांनी जोडीला ठेवलं होतं, कारण त्यात रोज फुकट गाडी फिरत होती. त्यामुळं माझे धडे जिथं प्लॉट असतील तिथंच व्हायचे. डावीकडं वळणं मी एका ले-आऊटमध्ये शिकले, यू-टर्न दुसऱ्यात. सर फोनवर बोलता बोलता मला बोटानं दिशा दाखवायचे. "पूर्वमुखी हाय साहेब, कॉर्नरचा हाय... म्याडम, सेकंड टाका... रस्ता तीस फुटी सोडलाय... म्याडम, बकरी."

सासूबाई आधी काही दिवस राखणदारासारख्या ताठ बसल्या. मग त्यांचा कान फोनकडं लागला. एका सकाळी मागून आवाज आला, "एन.ए. झालाय का पर तो?"

सरांनी वळून पाहिलं. "झालाय की मावशी."

"बोअरला पाणी?"

"लय गोड पाणी."

त्यानंतर त्या दोघांचं असं काही जमलं की माझ्या अब्रूची राखण बाजूला राहिली. दोघं प्लॉट बघत होते आणि मी त्यांना फिरवत होते. येताना सासूबाई मला क्रांती चौकाकडं घ्यायला लावून कोथिंबीर बघायच्या, ओळखीच्या बायांना काचेतून हात करायच्या. एकदा तर नणंदेच्या घरी लोणच्याची बरणीही पोचवून झाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एवढी कामं होतात, हे आधी कळलं असतं तर मी बदलीची वाट पाहिली नसती.

एक मात्र होतं. गाडी मला फारच छान जमत होती. झटका नाही, बंद पडणं नाही. सर म्हणायचे, "म्याडम, तुमचा हात लय साफ हाय." शाळेत मी सहकाऱ्यांना सांगितलं की ज्याला शिकवता येतं त्याला शिकताही येतं. नवऱ्यालाही ऐकवलं, की खोट माझ्यात नव्हती, शिक्षकात होती. तो आरसा पुसत राहिला.

मग तो दिवस आला. पेडगावच्या रस्त्याला, रेल्वे फाटकाच्या पलीकडं एक नवा ले-आऊट पडला होता. म्हणजे शेतात पांढरे दगड रोवले होते आणि मध्ये एक कमान उभी होती. तिथं सरांचं गिऱ्हाईक मोटारसायकलवर वाट बघत होतं. सर उतरले, दोघं दगडांमधून हिंडले, आणि मग गिऱ्हाइकाला अजून पुढचा एक प्लॉट बघायची इच्छा झाली. सर त्याच्या मागं बसले, आमच्याकडं हात केला, "आलोच म्याडम, दोन मिनिटात!" आणि धुळीत दिसेनासे झाले.

आम्ही बराच वेळ बसलो. ऊन चढलं. फोन केला तर बिझी. सासूबाईंनी पिशवीतले शेंगदाणे काढले, निम्मे मला दिले आणि संपल्यावर म्हणाल्या, "चल. चालव की. रोजच चालवतीस."

ते खरंच होतं. मी चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी उडी मारून बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा उडी. तिसऱ्या वेळी पिशवी सासूबाईंच्या मांडीवरून खाली गेली आणि कांदे सीटखाली पसरले.

"कामून असं करायलीस?"

"मी तेच करतेय आई, रोजचं."

त्यांनी वाकून सीटखालचा एक कांदा उचलला. मग म्हणाल्या, "तेवढे त्या मास्तरचे पाय हलायचे बग. सारखे खालीवर, खालीवर. मला वाटलं, सवय आसंल त्याला."

मी शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. तिथले दोन पेडल घासून चकचकीत झाले होते. माझ्याकडचे नव्यासारखे काळे होते. इतके दिवस गाडी सर चालवत होते, फोनवर बोलत, प्लॉट विकत, आणि मी स्टेअरिंग धरून कौतुक करून घेत होते. मला रडू येणार होतं, पण मागं सासूबाई होत्या आणि रडायचीही आमच्याकडं पद्धत नाही.

मग मी पहिल्यांदा गाडी शिकले. त्या कमानीखाली, कुणी न शिकवता. क्लच इंचभर सोडायचा आणि गाडी थरथरली की पाय तिथंच धरायचा. किती वेळा बंद पडली ते सासूबाईंनी मोजलं असेल, मी नाही. एकदाची गाडी हलली. ती पहिल्या गिअरमध्ये किंचाळत होती, पण दुसरा टाकायची माझी छाती होत नव्हती. आमच्या बाजूनं एक सायकलवाला पुढं गेला आणि वळून बघत राहिला.

फाटक बंद होतं. रुळांकडं जाणारा रस्ता चढाचा, आणि आमच्या मागं उसानं भरलेला ट्रॅक्टर येऊन अगदी चिकटून थांबला. रेल्वे गेली, फाटक उघडलं, आणि माझी गाडी मागं सरकली. मी ब्रेक दाबला, गाडी बंद. मागं हॉर्न सुरू झाले. दोन माणसं खिडकीशी येऊन सल्ला देऊ लागली. एक म्हणाला हँडब्रेक ओढा, दुसरा म्हणाला म्याडम तुमी उतरा, मी काढून देतो. दोघांच्याही हातात दुधाच्या किटल्या होत्या.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या, पदर खोचला, आणि गाडी व ट्रॅक्टर यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"मागं घे तुझं धूड!" त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. "सून शिकायलीय माजी. तू काय पोटातून शिकून आलास?"

ट्रॅक्टर मागं गेला. सल्लागारही मागं गेले. मी हँडब्रेक ओढला, गाडी थरथरेपर्यंत क्लच सोडला, रेस दिली आणि हँडब्रेक सोडला. गाडी चढली, रुळांवरून धडधडत पलीकडं गेली, आणि थांबवली तर परत सुरू होईल की नाही या भीतीनं मी थांबवलीच नाही. बरंच पुढं गेल्यावर आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती.

एका कडुलिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. थोड्या वेळानं ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरशेजारच्या मडगार्डवर सासूबाई बसल्या होत्या, हातात उसाचं टिपरू. त्या उतरल्या, ट्रॅक्टरवाल्याला "नीट जा रे लेकरा" म्हणाल्या, आणि पुढचं दार उघडून सरांच्या जागी बसल्या.

"मला टाकून गेलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "थांबली असतीस तर परत तेच."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत याचंच मला जास्त रडू आलं. ते मात्र मी थोडं येऊ दिलं. त्या खिडकीबाहेर बघत ऊस सोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सर स्कूलच्या दारातच भेटले. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. "मुद्दामच सोडलं तुमाला, म्याडम. शेवटचा धडा असतोय आपल्याकडं."

"धडा चांगला होता," मी म्हणाले. "आता उरलेले दिवस तुम्ही पाय वर घेऊन बसायचं."

आणि खरंच, पुढचे सगळे दिवस सर सीटवर मांडी घालून बसले, देवळात कीर्तनाला बसतात तसे. गाडी बंद पडायची, झटके खायची, सर डोळे मिटून घ्यायचे. फोनवरचा त्यांचा आवाज बारीक झाला होता. सासूबाईंनी प्लॉट काही घेतला नाही. त्यांच्या मते तिथं ट्रॅक्टरची वर्दळ फार आहे.

लायसन्स मिळाल्यावर नवऱ्यानं चावी हातात दिली, म्हणजे दिली, परत घेतली, एक डाग काचेवर दिसला तो पुसला आणि पुन्हा दिली. पहिल्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी गाडीभोवती फेरी मारायचा. नंतर त्यालाच एकदा नांदेडला लग्नाला जायचं होतं आणि पाठ धरली होती, तेव्हा तो मागं आडवा झाला आणि झोपला.

आता मी रोज परभणीहून थेट शाळेपर्यंत गाडीनं जाते. टेम्पोतल्या दोन बाया ओळखीच्या झाल्या होत्या, त्यांना फाट्यावर थांबून बसवून घेते. त्यातली एक परवा म्हणाली, "बाई, तुमची गाडी लय हळू जाती. टेम्पो बरा व्हता." मी तिसरा गिअर टाकला.