एका कॉम्प्युटरात दोन संसार

गल्लीत त्याला सगळे कुलूपवाला म्हणत, आणि त्याला ते भूषण वाटे. लोकांची दारं उघडण्यात हयात गेलेला माणूस. अडलेलं कुलूप समोर आलं की छाती दोन बोटं फुगायची. अशा माणसाला घरचा कॉम्प्युटर रोज दटावायचा. हे अपडेट करा, ते मान्य करा, आता मी बंद होतो, थांबा. "माझ्याच घरात मी याची परवानगी मागू?" असं म्हणून त्याने दुसरी, फुकटची सिस्टिम टाकायचं मनावर घेतलं.

अडचण एकच, पण ती घरातच राहायची. बायको एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायची, आणि तिची सगळी कोडी त्या जुन्या सिस्टिमवर होती. जुनी, नवी, अर्धवट, सगळी. कॉपी कुठे काढून ठेवली नव्हती. ती कामं नवऱ्याने करायची असतात, असा तिचा समज आणि बायकोने करायची असतात, असा त्याचा.

"अहो, खुशाल करा," ती म्हणाली. "पण माझा एक चौकोन जरी हलला ना, तर जेवायला त्या कॉम्प्युटरलाच वाढायला सांगा."

म्हणून वेगळी डिस्क आणायचं ठरलं. जुनीवर तिचा संसार, नवीवर याचा. आणि इथे धंद्याची खोड नडली. मूळ किल्ली जशी, तशीच कोरी किल्ली घ्यायची, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. त्याने दुकानात हट्टाने त्याच कंपनीची, त्याच मापाची, अगदी जुळी डिस्क मागितली. वर, मूळ किल्लीवर करतो तशी जुन्या डिस्कवर कानशीने बारीक खूण केली. सरमिसळ नको!

रविवारी दुपारी मेव्हणा येऊन बसला. हा एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि ते कुणाला विसरू द्यायचा नाही.

"भाऊजी, जुन्या डिस्कची वायर आधी काढून ठेवा. मग चूक करायची म्हटलं तरी होणार नाही."

"कुलूप बदलताना मी शेजारच्यांना घराबाहेर काढतो का रे?"

"तुमची मर्जी. ताईची कोडी उडाली तर मला फोन करू नका. आणि वायर काढलीत, तर भाऊजी हरले असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगेन."

झालं! आता जीव गेला तरी वायर काढणं नाही.

नवी डिस्क आत बसवली, नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला, सगळं सुरळीत चाललं, आणि पडद्यावर प्रश्न आला: कोणती डिस्क पुसू? खाली दोन ओळी. तीच कंपनी, तेच माप. कानशीची खूण डब्याच्या आत, पत्र्यावर. पडद्याला तिचा काय पत्ता! कुलूपवाल्याचं बोट हवेत लटकलं. एका ओळीत कोरी डिस्क, दुसऱ्या ओळीत बायकोची सगळी अक्कल, आणि कुठली कुठे हे त्या दोन ओळींनाच ठाऊक.

"काय झालं?" मेव्हण्याने मान लांब केली.

"काही नाही. चहा करू म्हणतो. जरा कोपऱ्यावरून दूध आण."

"फ्रिजमध्ये दोन पिशव्या आहेत की."

"फाटलंय ते."

"दोन्ही?"

"जोडीने फाटलंय. जा ना लेका!"

मेव्हणा चपला घालून जिना उतरला मात्र, याने कॉम्प्युटर बंद केला, डब्याचं झाकण उघडलं, खूण शोधली आणि वायर उपटली. पुन्हा चालू करून पाहतो तर पडद्यावर एकच ओळ. इतक्या प्रेमाने त्याने लग्नातही कुणाकडे पाहिलं नसेल. मेव्हणा दूध घेऊन आला तेव्हा नवी सिस्टिम निम्मी बसली होती आणि हा खुर्चीत रेलून शीळ घालत होता.

"हा स्क्रू कसला टेबलावर?"

"कुलुपाचा."

मेव्हणा गेल्यावर वायर जागेवर गेली. बायकोने जुनी सिस्टिम उघडून कोडी एकेक करून तपासली. सगळी शाबूत. वाळलेले कपडे काखेत घेऊन ती दुपारी दुधापासून वायरीपर्यंत सगळा वेळ दारामागेच उभी होती, हे याला कोण सांगणार?

पुढच्या अंकातलं कोडं सोडवायला तो नेहमीसारखा पेन्सिल घेऊन बसला. आडवा सात: 'मेव्हण्याला दुधाला पिटाळून मानी नवऱ्याने हळूच उपटलेली वस्तू. तीन अक्षरं.'

पेन्सिल हातातच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊजी, ताईचं कोडं सोडवतोय. आडवा सात काही जमेना. पहिलं अक्षर 'वा' येतंय, शेवटचं 'र'."

कुलूपवाल्याने पेन्सिल कानामागे खोचली. "वानर लिही."

"वानर? बरं, लिहितो," मेव्हणा म्हणाला. "घरात दूध आहे ना, का घेऊन येऊ?"