मे महिन्यातली मोजणी

मॉलच्या गेटातून गाडी बाहेर काढली, तर समोर एका बाईंनी हात आडवा धरला. त्यांच्यामागून शाळेतून सुटलेली पोरं रस्ता ओलांडत होती. बाईंना मी लगेच ओळखलं. त्या या कोपऱ्यावर गजरे विकतात. मॉल व्हायच्या आधी त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून मी तीन दिवस येणारी-जाणारी वाहनं मोजली होती. “साहेब, आता सुट्टी आहे. शाळा उघडल्यावर मोजा की,” त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. मी नुसता हसलो. मॉलवाल्यांना अहवाल लवकर हवा होता. ‘रस्त्याला मॉलच्या वाहनांचा भार झेपेल,’ असं लिहून मी सही केली.

त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. म्हणूनच बहुधा इतके दिवस मला काही टोचलं नाही. खोटं बोलायला निदान थोडं धाडस लागतं. मी फक्त सोयीच्या महिन्यात खरं मोजलं.

शेवटचं पोरगं पलीकडे पोचलं, तशा बाई गाडीच्या उघड्या काचेपाशी आल्या. त्यांनीही मला ओळखलं होतं.

“परत मोजायला आलात होय साहेब? बरं झालं.”

“हो,” मी म्हणालो. आणि मागच्या सीटवरच्या खरेदीच्या पिशव्या त्यांना दिसायच्या आत काच वर घेऊन गाडी पुढे काढली.