सखूबाईंच्या अकरा विहिरी

गुंजवण्याच्या शिवारातल्या अकरा विहिरींची माती सखूबाईंच्या डोक्यावरून गेली आहे. नवरा आत टिकाव मारायचा, सखूबाई काठावरून मातीच्या पाट्या वाहायच्या. सत्तरी उलटली तरी मान तेवढी अजून ताठ.

म्हणूनच खोऱ्यातल्या जमिनीचा अभ्यास करायला पुण्याच्या कॉलेजातून आलेली वैष्णवी आधी त्यांच्याकडे आली. देवळात बसून तिनं विचारलं, "आजी, कुठल्या विहिरीला खडक किती खोल लागला?"

सखूबाईंची नजर तिच्या हातातल्या नकाशावर. धरणाच्या वेळीही असलेच नकाशे आले होते आणि त्यांचं माहेर पाण्याखाली गेलं होतं. "दोन हातावर दगुड," त्या म्हणाल्या. "माती हाय कुठं ह्या जमिनीत?" अकराही विहिरींना तेच.

महिनाभरानं वैष्णवी लॅपटॉप घेऊन देवळात बसली. पडद्यावर भाकरी मोडावी तसं मधोमध कापलेलं गावाचं खोरं. "खालून भूकंपाचा धक्का सोडते. मऊ माती जाड असेल तिथं तो वाढतो."

बटण दाबलं. खोरं जरासं थरथरलं आणि गप झालं.

"झ्याक!" सरपंच मानसिंग म्हणाला. "म्हंजी शाळेच्या नव्या खोल्या खालच्या खाचरात, साध्या पायावर. व्हय ना?"

"हो. उद्या अहवाल देते."

सखूबाईंची नात सोनिया तिसरीत. ती त्याच खोल्यांत बसणार होती.

"थांब गं पोरी," सखूबाई म्हणाल्या. "त्या खाचरात म्या पाच परस माती उपसलीया. पाच गडी एकावर एक हुबं ऱ्हातील एवढी."

"मग दोन हात का सांगितलंत?"

"तू मला धरणाची वाटलीस. म्हटलं, माती न्हाई कळलं की जमिनीवर डोळा ठेवायची न्हाईत."

मानसिंगला हसू आवरेना. "मावशी, देवळात बसून खोटं बोलला तुमी?"

"त्यो देव माज्या म्हायेरचा हाय. त्येलाबी धरणानं उठवून हितं आणलंय. त्यो समजून घील, तू गप."

मग त्यांनी वैष्णवीला विचारलं, "ह्यो नकाशा कुणाकुणाला दिसंल?"

वैष्णवीनं लपवलं नाही. "छापून येईल, आजी. सगळ्यांनाच."

म्हणजे कुठल्या रानात किती माती, हे उद्या कुणीही वाचणार. सखूबाईंनी पदर सारखा केला. "लिव," म्हणाल्या, आणि एकेका विहिरीचं नाव घेत खडक खरा किती खोल लागला ते अकराहींचं सांगितलं. मुरूम कुठं लागला, गाळ कुठं घसरला, सगळं.

आकडे बदलून वैष्णवीनं पुन्हा धक्का सोडला. ह्या वेळी खालचं खाचर लालभडक झालं आणि डोंगराकडचा दगड थरथरायचा थांबला तरी ते हिंदकळतच राहिलं.

"गावाच्या वर खडपाचा टप्पा हाय की, निस्ता दगुड," मानसिंग म्हणाला. "पोरांना जरा चढावं लागंल."

"चढतील. आमी पाट्या घिऊन चढलो."

दिवाळीनंतर त्या टप्प्यावर चुन्यानं आखणी झाली. पाया खणायला आलेल्या गड्याच्या हातातली पहार सखूबाईंनी मागून घेतली आणि चारी कोपऱ्यांवर स्वतः मारून बघितली. चारी ठिकाणी ती टणकन उडाली.

"आता लागा कामाला," त्यांनी पहार परत दिली.