हळद लागलेली नऊ रिव्हॉल्वरं

ती घटना मनातून आजही जात नाही, आणि त्याला कारण आहे. चोरी झाली होती आमच्याच ठाण्यात, आणि चोराचा माग काढत मी जिथं पोचले तिथं मला माझीच चूक सापडली.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला वर्ष झालं होतं. बिदर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मला घेतलं ते बायकांच्या झडतीसाठी. पडद्यातल्या घरात पुरुष शिपाई कसा शिरणार? मी जनवाड्याकडची, शेतकऱ्याघरची. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी परतलेली. मराठी-कन्नड घरचीच होती, दखनी कानानं शिकले, आणि अक्षरं म्हणाल तर ठाण्याच्या रोजनाम्यावर बोट फिरवून गिरवली. पुढं जमादार होऊन निवृत्त झाले, पण तेव्हा मी नुसती अक्का होते. झाडलोटीपासून झडतीपर्यंत सगळीकडं अक्का.

निजामाच्या वेळचे परवाने बंद झाले होते. ज्याच्याकडं जे हत्यार असेल ते ठाण्यात जमा करायचं, असा हुकूम होता. तलवारी, ठासणीच्या बंदुका, गंजके जंबिये, काय काय यायचं! त्यात नऊ रिव्हॉल्वरं वेगळी होती. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, गाव त्यांना ओव्हरसियर साहेब म्हणायचं, ते स्वतः टांग्यातून घेऊन आले. शिकारीची नव्हेत, लढाईची नव्हेत, निशाणबाजीची. लांब नळी, टोकाला नेम धरायची बारीक माशी, मागं केसाएवढा स्क्रू. रंग काळा, पण उजेडात धरलं की मोरपिसासारखा निळा व्हायचा. आमच्या त्या वेळच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, त्यांना महिन्यातून एकदा मालखान्यात, म्हणजे जमा मालाच्या खोलीत, येऊन तेल द्यायची मुभा दिली. तेलाची बाटली तिथंच फळीवर असायची.

अमीन बदलले. नवे आले ते दुसऱ्या मुलखातले, कडक पण देवभोळे. दसरा आला तसं म्हणाले, "ठाण्यातलं एकूण एक शस्त्र पूजेला मांडा." ठाण्यात सवाष्ण मी एकटी. न्हाऊन, धुवट लुगडं नेसून बसले. हळद कालवली, प्रत्येक नळीवर बोटं ओढली, कुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. त्या नऊ रिव्हॉल्वरांना तर जरा जास्तच, कारण ती देखणी होती! आणि आमच्याकडं पूजा पुसत नाहीत. वाळून आपोआप गळेल तेव्हा गळेल. सगळं होतं तसं फळ्यांवर परत गेलं.

पुढच्या मोजणीला रिव्हॉल्वरं आठच भरली.

अमीनसाहेबांनी ठाणं डोक्यावर घेतलं. मालखान्याची किल्ली मोहरीराकडं असायची. मोहरीर म्हणजे आमचा लिखापढी करणारा. त्याला कामावरून उतरवून व्हरांड्यात बसवलं. दोन दिवसांत हत्यार सापडलं नाही, तर त्यालाच कोठडीत घालणार होते. त्या दिवसांत हत्यार विकल्याचा आळ म्हणजे काय, ते आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हणतो, "अक्का, तू बी माझ्याकडं तशीच बघायलीस व्हय?"

"कशी?"

"चोराकडं बघतेत तशी."

"मग खरं सांग की. दसऱ्यानंतर मालखान्यात कोण आलतं?"

नखं कुरतडायला लागला. मग म्हणाला, "ओव्हरसियर साहेब आलते. तेल द्यायला. म्या पान आणायला गेलतो, उगं एवढासा वेळ."

"त्यांला एकट्याला सोडून?"

"वर्ष झालं येतेत अक्का, त्यांच्यावर काय पहारा करायचा! पण त्यांनी तेल दिलंच न्हाई. हळद लागलेली बघून मला इचारले, हे पुसत न्हाईत का? म्या म्हणलो, पूजा पुसत नसतेत साहेब. परत आलो तर म्हणले, तब्येत बरी न्हाई. गेले."

फळीवरची बाटली मी बघितली. भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी, ओव्हरसियर साहेब राहायचे त्या नौबादच्या वाटेवर एका दुकानदार अण्णांनी मला हाक मारली. लिंगायत माणूस, बोलायला हौशी, पोलिसाला घाबरट.

"अक्का, एक सांगू का? माझं नाव लिहिणार न्हाई न्हवं?"

"तुमचं नाव लिहायला मला जोडाक्षर यायला पाहिजे की. सांगा."

"ओव्हरसियर साहेबांनी शिलाई मशीनचं तेल नेलंय परवा. ठाण्यासाठी नेहमी मोठी बाटली न्यायचे. आता एकदम लहान मागितली. म्हणलो, कामून साहेब? तर नुसतं हसले. त्यांच्या घरी मशीन कुठं हाय?"

अमीनसाहेबांच्या कानावर घातलं. झडतीचा हुकूम निघाला. दोन पंच आणि ओव्हरसियर साहेब बाहेरच्या ओट्यावर बसले, मी आत गेले.

झडतीत मी वस्तू आधी बघत नसे, माणसं बघायची. त्यांची बेगम तक्तपोसावर गोधडी अंथरून बसली होती. त्या घरांत बाई आली की बाई उठून उभी राहते, मग ती झडतीवाली का असेना. ही उठली नाही.

"आव आपा, बैठो," म्हणाली. "उठती नहीं मैं, घुटने दुखते."

मी पेट्या बघितल्या, कपाट बघितलं. मग म्हटलं, "अम्मा, थोडं पाणी मिळंल का?"

त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. तिला कळलं होतं. पण घरी आलेल्या बाईला पाणी नाही म्हणायचं तिच्यानं झालं नाही. उठली, गुडघे चांगले चालत होते, आणि माठाकडं गेली. गोधडीखाली मलमलीच्या फडक्यात ते होतं. नीट तेल दिलेलं.

मी ते हातात घेऊन उभी, आणि ती पेला पुढं करून म्हणते, "पानी तो पीके जाव."

प्याले मी.

ठाण्यात चौकशी झाली तेव्हा मी दाराशी उभी होते. अमीनसाहेबांनी दरडावून विचारलं, "कुणासाठी चोरलं? रझाकारांपैकी कोण मागत होतं?"

"साहेब, मी आयुष्यात कागदाशिवाय कशावर गोळी झाडली नाही." मराठी स्वच्छ बोलायचे ते, परभणीकडं नोकरी झालेली. मग आपोआपच सांगायला लागले. सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या मेजरकडं एक होतं, त्याच्यासाठी दोन वर्षं खेटे घातले. मेजर म्हणाला, आधी तुझा नेम बघतो, मग विकतो. "माझे सहा बार कागदावर बघितले आणि काही न बोलता हातात दिलं. आगगाडीत मांडीवर घेऊन बसलो होतो, शेजारी विचारतो, मिठाई आहे का? मी म्हटलं, हौ, मिठाईच." चक्री फिरवली की नवांचे आवाज नऊ, डोळे मिटून ओळखायचे म्हणे. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की अमीनसाहेबांनीही टाक खाली ठेवला.

मग म्हणाले, "हळदीखाली गंज धरत होता. नारळाचं पाणी तर लोखंडाला खातंच."

"मग मला सांगायचं होतं! पुसून दिली असती."

त्यांनी मान वर केली. "या साली, साहेब? पोलीस ठाण्यात येऊन माझ्या तोंडानं सांगायचं, की पूजा पुसा?"

अमीनसाहेबांनी समोरचं रिव्हॉल्वर उचलून उजेडात धरलं.

"एकच का उचललं मग?"

"तेच वाचण्यासारखं होतं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, ती पूजा मी केली."

ओव्हरसियर साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "बोटांवरून वाटलंच होतं मला. सगळी एकसारखी ओढलेली. मन लावून केलीत, बाई." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोहरीर कामावर परत आला, ठपका घेऊन. ओव्हरसियर साहेबांवर खटला झाला. न्यायाधीशांनी वय बघून थोडक्या महिन्यांची शिक्षा दिली, पण कलबुर्गीच्या तुरुंगातून आले ते काठी टेकत. रिव्हॉल्वरं सरकारजमा होऊन हैदराबादला गेली. गंजलेली भंगारातच गेली असणार. राहिल्या त्यांच्या लाकडी पेट्या. पेटी काही हत्यार नव्हे, म्हणून कोर्टानं त्या परत करायला सांगितल्या. मी आणि मोहरीर घेऊन गेलो.

त्यांनी एकेक उघडली. आत मखमलीत रिव्हॉल्वराच्या आकाराचा खड्डा. त्यात बोट फिरवून सांगायचे, "ही मेजरची. ही लिलावातली, पाऊस होता म्हणून दुसरं कुणी आलंच नाही."

पडद्याआडून बेगम म्हणाली, "वो नहीं जी. लिलाव की तो उसके बाजू की."

"हौ हौ, बाजूची," म्हणाले, आणि दोघं हसले. आमचा मोहरीर मान फिरवून डोळे पुसायला लागला.

पावती मोहरीरानं लिहून नेली होती: नऊ पेट्या मिळाल्या. सही करण्याआधी साहेबांनी आपल्या हातानं वर एक शब्द घातला, 'रिकाम्या'.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी नोकरी केली. गप्प बसलेल्या माणसावर संशय घ्यायला आम्हाला शिकवलं होतं. मी मात्र आधी हे बघायला शिकले, की त्याला बोलता येईल अशी जागा आपण ठेवली होती का. आणि मालखान्यात कुणाचीही वस्तू ठेवून घेताना, तंबोरा असो की साधी कढई, मी धन्याला विचारायची, "हे तुम्ही घरी कसं ठेवता?" लोकांना नवल वाटायचं, पण दोन मिनिटांत सगळं सांगायचे. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी टांगा करून नौबादला गेले असते, तर त्यांनीही सांगितलं असतं. मला कुणी अडवलं नव्हतं. मला सुचलंच नाही.