डबा वाजवून बघ

माझी लेक आठ वर्षांची असताना तिला कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची होती. मी तेव्हा तिशीतली, स्वतःला फार हुशार समजणारी बाई. "चल, बांगड्या घ्यायला जाऊ," म्हणून तिला दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी जमलं. उरलेले तेरा दिवस काय सांगायचं, हे त्या हुशार बाईला सुचलंच नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं कासार दारात आला की पोरगी ज्वारीच्या कोठीमागे लपायची. आजही हात रिकामेच ठेवते. आवड नाही म्हणते. मी विषय वाढवत नाही.

गेल्या श्रावणात हीच लेक आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रिक्षाने जळगावहून माझ्याकडे नशिराबादला येत होती. हायवेवर मागून ट्रकने ठोकलं. नातीचं खरचटण्यावर निभावलं. लेकीच्या मांडीत सळई बसवावी लागली, आणि ती जळगावच्या घरी तिसऱ्या मजल्यावर अंथरुणात अडकली. जावई दोघींना पुरे पडेनात. एका पहाटे त्यांनी नातीला झोपेतच गाडीत घातलं आणि माझ्याकडे आणून ठेवलं. ती जागी झाली ती आईशिवाय, भलत्याच घरात.

तेव्हापासून हॉर्न वाजला की ती खाटेखाली. आमचं घर हायवेला लागून, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ खाटेखालीच. आईचा व्हिडिओ कॉल आला की तोंड फिरवायची. आई नऊ-दहा किलोमीटरवर, आणि पोरगी कुठल्याही गाडीत पाय ठेवायला तयार नाही.

जावई म्हणाले, "आई, परत झोपेतच नेऊ. डॉक्टर औषध देतील."

"पाव्हणे, ती जागेपणी जाईल."

"कधी?"

"कोजागिरीच्या आत."

जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून वर त्यांना आणखी शेवभाजी वाढली.

कोजागिरी तोंडात आली, कारण समोर गुलाबाई बसलेली होती. भाद्रपदाच्या पुनवेला ही मातीची मूर्ती घरात येते. कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर तिची गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा वाजवून खाऊ ओळखतात. गोड की तिखट, तळलेला की भाजलेला, विचारायची मुभा असते. डबा भरणारीने खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम. लहानपणी तो मी रोज मोडायचे.

पत्र्याचा डबा मी खाटेखाली सरकवला. "वाजवून बघ. ओळखलंस तर तुझं."

बऱ्याच वेळाने खालून खडखड आली. मग आवाज आला, "फुटाणे."

फुटाणेच होते.

तिसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, डबा आता ती भरणार आणि मी ओळखायचं. मी मुद्दाम चुकत होते असं सांगायला आवडलं असतं, पण मी खरंच चुकत होते. आवाज तिच्या हातात आला तशी ती डबा बडवत सुटली. शेजारचा रिक्षावाला दारातून डोकावला.

"काय फोडू रायल्या अक्का?"

"कान."

मग एकदा बाहेर कर्कश हॉर्न झाला. ती खाटेकडे पळाली. मी जागेवरूनच विचारलं, "गोड की तिखट?"

ती वाकलेली तशीच थांबली. "तिखट. ट्रक."

"आणि हा?"

"एसटी."

त्या दिवसापासून हायवेच आमचा डबा झाला. एसटी भाजलेली, टमटम तळलेली, बुलेट नुसतीच फुगलेली पुरी.

एका दुपारी तिने डबा मांडीवर घेतला आणि वाजवलाच नाही. "आजी, आईचा पाय तुटला?"

मुरगळलाय गं थोडासा, असं ती तिशीतली हुशार बाई आतून बोलायला निघालीच होती. मी तिला दाबून बसवलं.

"हो. मांडीचं हाड मोडलं. आत लोखंडी सळई घातलीये. जुळतंय."

"सळई वाजते?"

"मला नाही माहीत. तिलाच विचार."

मोबाईल पुढे केला तर म्हणाली, "फोनवर नाही. तिथे जाऊन."

म्हणून शेजाऱ्याची रिक्षा अंगणात आणली. पहिले दोन दिवस खेळ असा, की नातीने रिक्षाचा हॉर्न दाबायचा आणि मी घाबरून खाटेखाली शिरायचं. शिरणं जमायचं. गुडघे बाहेर येऊ देत नसत.

"या वयात हे काय व अक्का?"

"तू ओढ नुसता."

मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग एसटी थांब्यापर्यंत. डबा वाजला की रिक्षा थांबणार, असं ठरलं होतं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी आम्ही जळगावला निघालो आणि अकरा वेळा थांबलो. अपघाताची जागा आली तेव्हा ती डबा कवटाळून माझ्या पदराआड शिरली. घाबरू नको, असं मी म्हटलं नाही. घाबरण्यासारखंच होतं. "गोड की तिखट?" एवढंच विचारलं. "लई तिखट," ती म्हणाली आणि डबा बडवला. शेताच्या कडेला उभे राहिलो. मागून ट्रक गेले. ती चल म्हणाली तेव्हाच निघालो.

तीन मजले ती पुढे होऊन चढली. माझ्यासाठी थांबली नाही. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती पलंगावर, आईच्या मांडीला कान लावून, बोटाने हळूच टकटक करत होती.

"वाजत नाही," ती म्हणाली.

लेक हसता हसता डोळे पुसत होती. "कोणी सांगितलं वाजते म्हणून? आजीने?"

"नाही. आजी म्हणाली, तुलाच विचार. तिला खोटं बोलता येत नाही. नियम आहे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या वेळी नव्हता हा नियम."

"होता," मी म्हटलं. "पाळत नव्हते."