हँडल मारणारी सुमन

सुमन गेल्याचं मला भाजी निवडताना कळलं. निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला होता. त्यांची सून दारातच उभी राहून म्हणाली, "तुमच्या त्या ड्रायव्हिंगवाल्या ताई गेल्या म्हणे." आदल्याच दिवशी मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठांना कोरड, बोलायचं त्राण नाही, तरी विचारत होती की सकाळच्या बायका शिकायला येतात का... जिला इतक्यांनी मारून पाहिलं, ती शेवटी काविळीनं गेली. महिना उलटून गेला, तरी हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही.

आम्ही दोघी वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून वाढलो. तिचे वडील अण्णा साहेब लोकांच्या गाड्या चालवायचे. मोटारींच्या जन्माच्या कथा त्यांनी कुणा म्हाताऱ्या साहेबाकडून ऐकल्या होत्या, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ते त्या आम्हाला पोथीसारख्या रंगवून सांगत. पेट्रोलवर चालणारी पहिली मोटार तीन चाकांची होती, तिला वळवायला नुसती एक दांडी होती. तिच्या आवाजानं घोडी उधळायची, माणसं जखमी व्हायची, आणि चिडलेले गावकरी तिला दगड हाणायचे. तेव्हा पेट्रोल मिळायचं औषधांच्या दुकानात, कपड्यांवरचे डाग काढायला. ज्यानं मोटार केली त्याच्या बायकोनं एकदा नवऱ्याला न सांगता दोन पोरं बरोबर घेतली आणि मोटार काढून सरळ माहेर गाठलं, ही कथा सुमन अण्णांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. इंजिन चालू करायला पुढून फिरवायच्या हँडलचा भाग आला की मात्र अण्णा गंभीर होत. "इंजनाच्या पोटात बार उडत्यात, पोरींनो. उलटा बार उडाला की हँडल फिरून येतं आन् मनगटाचा चुरा करतं. लई लोकांचे हात मोडलेत त्या काळात." मग ते हँडल कसं धरायचं ते दाखवत. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वरून विळखा घालायचा नाही. गाडी चालवायला त्यांनीच तिला शिकवलं, लग्नाच्या आधी.

लग्न ठरलं ते वरकुट्याच्या जालिंदरशी. त्याच्या वडिलांनी, आबांनी, एका साहेबाची हँडल मारून चालू होणारी जुनी मोटार घेऊन ठेवली होती. लग्नसराईत ती वरातीला जायची. अण्णा खूश झाले. ज्या घरात मोटार हाय तितं माझी पोर सुखी ऱ्हाईल, म्हणाले. लग्नानंतर दोनच वर्षांत ते गेले, आई आधीच गेलेली. बरं झालं, काही बघावं लागलं नाही.

जालिंदर पहिल्या वर्षापासून मारायचा. कारण लागत नसे. सुमन चुकून कधी बारामतीला माझ्याकडे आली की पदर खांद्यावरून घट्ट ओढून बसायची. एकदा वरातीला निघताना त्यानं दारूच्या धुंदीत हँडल मारलं, तेही अंगठ्यानं विळखा घालून. ती ओरडली, "अंगठा काढा अगोदर!" तेवढ्यात हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. जमलेली माणसं हसली. त्या हसण्याचा सूड म्हणून त्यानं डाव्या हातानं तेच हँडल उचललं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आबांनीही ऐकला. ते ओसरीवर बसले होते. बसूनच राहिले.

तिचं हाड धड जुळलंही नव्हतं, आणि एका सकाळी त्यानं पोरीवर हात उचलला. वर्षा तेव्हा सहा वर्षांची होती. पाण्याचा तांब्या सांडला एवढ्यावरून त्यानं तिला डाव्या हातानं उचलून मोटारीच्या मडगार्डवर आपटलं. पुढचे दात पडले, तोंड रक्तानं भरलं. तो बाहेर निघून गेला. सुमननं पोरीचं तोंड धुतलं, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि एका हातानं हँडल मारलं. ती माझ्याकडे यायला निघाली होती.

कालव्याच्या पुलाजवळ टपरीवर जालिंदर आणि त्याचा भाऊ उभे होते. आपली मोटार आणि ती चालवणारी आपली बायको पाहून जालिंदर रस्त्यात आडवा आला. भावानं दगड मारला. पुढची काच फुटून दोघींच्या अंगावर आली. गाडीचा वेग कमी झाला तसा जालिंदर फूटबोर्डावर चढला आणि खिडकीतून हात घालून त्यानं तिचे केस धरले. डोकं दारावर आपटत होता. सुमननं गाडी थांबवली नाही. थोडं अंतर तो तसाच लोंबकळत आला, मग हात सुटला, आणि मागचं चाक कशावर तरी चढून उतरलं.

तेव्हा मात्र ती थांबली. भाऊ माणसं गोळा करायला गावाकडे पळाला होता. जालिंदरचा पाय गुडघ्याखाली चेचला गेला होता. तिनं आपलं लुगडं फाडून तो बांधला, त्याला ओढत ओढत मागच्या सीटवर घातलं आणि बारामतीची वाट धरली. मागं वळायची सोय नव्हती. तो शिव्या देत होता, मधेच रडत होता. निम्म्या वाटेवर इंजिन बंद पडलं. पेट्रोलच्या नळीत गंज अडकला होता. तिनं नळी काढली, तोंडानं ओढून थुंकली, पेट्रोल सगळं पदरावर सांडलं. मान वर केली तर जालिंदर काड्याची पेटी हातात घेऊन बसलेला.

"जाळतो तुला," तो म्हणाला. "हितंच जाळतो."

वर्षा पुढच्या सीटवर होती. तिनंच मला हे पुढं कितीदा सांगितलंय. आई जागची हलली नाही. "जाळा," म्हणाली. "मग दवाखान्यात न्यायला कोण हाय तुमाला?"

काडी काही त्यानं ओढली नाही.  सुमन चालत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या बोटांतून पेटी काढून घेतली, रस्त्याकडेच्या कालव्यात टाकली आणि परत येऊन नळी बसवली.

दवाखान्यातून निरोप आला म्हणून मी धावत गेले. ती पायरीवर बसली होती. केसांत काचा, अंगाला पेट्रोलचा वास, मांडीवर झोपलेली पोर. आम्ही तिथं असतानाच जालिंदरचे भाऊबंद ट्रॅक्टरनं आले. आवारात उभ्या मोटारीवर त्यांनी कुऱ्हाडी चालवल्या, पत्रा फाडला आणि तिला आग लावली. टाकी फुटली तेव्हा दवाखान्याच्या खिडक्या हादरल्या. सुमन उठून उभी राहिली.

पाय कापावा लागला. जालिंदरनं पोलिसांत सांगितलं की बायकोनं मुद्दाम अंगावर गाडी घातली. केस चालली, तारखा पडत राहिल्या, शेवटी ती सुटली. एकदा न राहवून मीच तिला विचारलं, "खरं सांग, मुद्दाम...?"  ती म्हणाली, "तो लोंबकळत होता तवा वाटलं, पडावा. चाक चढलं तवा वाटलं, पडायला नको हुता. ह्यातलं कुठलं खरं धरू, तूच सांग."

पुढं तिनं बारामतीत बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. कुणीतरी गाडीला शेण फासायचं, कुणी टायर फाडायचं. एकदा एका नवरोबानं क्लासमध्ये शिरून आपल्या बायकोला फरफटत न्यायला सुरुवात केली, तर सुमन दारात आडवी उभी राहिली. त्यानं हिला ढकललं, हिच्या कपाळाला खोक पडली, पण दार काही तिनं सोडलं नाही. ती बाई आज जीप चालवते.

अंत्यविधीला जालिंदर कुबड्या घेऊन आला. "मी नवरा हाय," म्हणाला. "अग्नी मी देणार." वर्षा पुढं झाली.  "तुमी हात लावायचा न्हाय." त्यानं कुबडी उगारली. गर्दीतून आबा उठले, किती म्हातारे झालेत ते, आणि त्यांनी लेकाची कुबडी धरली. "सर मागं," म्हणाले. "तवा बसून ऱ्हायलो. आता न्हाय बसायचा." जालिंदर तिथंच जमिनीवर बसला. अग्नी वर्षानं दिला.

वर्षा आता माझ्याकडे असते, आठवीला आहे. सुमनची एक सवय होती. शिकायला आलेल्या बाईला ती आधी स्टिअरिंगला हातच लावू द्यायची नाही. गाडीला पुरता वळसा घालायचा, चारी चाकांपाशी वाकून बघायचं, मगच बसायचं. बायका हसायच्या. ती नाही हसायची.

परवा वर्षाला शाळेला न्यायला रिक्षा आली. पोरगी दप्तर सावरत गेली, रिक्षाला वळसा घातला आणि खाली वाकून मागच्या चाकाशी बघू लागली.

"काय सांडलं का गं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमी थांबा जरा."

मी दारात उभी होते. तिचं बघून होईस्तोवर त्यानं इंजिन चालू केलं नाही...